होस्टेलच्या खोलीत टिश्यू कल्चरची रोपं

होस्टेलवर झाड ठेवायला परवानगी लागत नाही, दिवा लावायला लागते. आणि आमच्या खोलीत दिव्याशिवाय मनी प्लँटसुद्धा महिन्याला जेमतेम एक पान काढतो. खिडकी उत्तरेला, समोर पाण्याची टाकी, पावसाळ्यात खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर तिघींचे ओले कपडे. अशा खोलीत मला बोर्निओतलं ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ अ‍ॅलोकेशिया आणि कोलंबियातला ग्लोरिओसम फिलोडेंड्रॉन ही शोभेच्या पानांची झाडं वाढवायची होती, आणि तेही शिकवणीच्या पैशांत. जुलै 2024 पासून मे 2025 पर्यंत ते प्रकरण चाललं. मी शोधाशोध करत होते तेव्हा एक तर प्रयोगशाळेतले शोधनिबंध सापडायचे, नाही तर काचेच्या महागड्या कपाटांचे व्हिडिओ. मेसचा डबा, सबमिशन आणि तीन खाटा यांच्या मधल्या जागेत हे कसं करायचं, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे लिहितेय.

टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या बारीकशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत बाटलीत रोपं वाढवणं. तेच का, ते आधी सांगते. अ‍ॅलोकेशियाचं चार पानांचं तयार झाड मला ऑनलाइन 1,200 रुपयांना दिसत होतं. तेच बाटलीतलं दीड इंची रोप शंभराच्या आत. फरक एवढाच, की बाटलीतून बाहेर काढून जगवायची जबाबदारी आपली. मी मूळची रावेरची, घरी केळी. ‘टिश्यूची रोपं’ मी प्राथमिक शाळेत असल्यापासून बघतेय. ग्रँड नैन या केळीच्या जातीची ती हिरवीगार रोपं टेम्पोतून उतरतात, पप्पा प्रत्येक कॅरेटमध्ये हात घालून मुळं बघतात, मग लागवड. पण आमच्याकडे येतात ती हार्डनिंग झालेली, म्हणजे ग्रीनहाऊस आणि शेडनेटमध्ये महिना-दोन महिने काढून बाहेरच्या हवेला सरावलेली. त्याआधीचा भाग मीही कधी पाहिला नव्हता.

मध्येच एका मैत्रिणीचा भाऊ बँकॉकला निघाला होता. “तिथे किलोवर मिळतात म्हणे, बॅगेत टाकून आणतो,” म्हणाला. मी वाचून काढलं. परदेशातून रोप आणायचं तर तिथल्या सरकारचं रोप निरोगी असल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि इथला आयात परवाना आधी काढावा लागतो. 2003 चा वनस्पती संगरोध आदेश तसा आहे. बाटलीतली रोपंही त्यातून सुटत नाहीत. आमच्या भागात विषाणूपायी अख्ख्या बागा उपटताना पाहिल्यात, त्यामुळे हा नियम मला तरी जाचक वाटला नाही. भावाला म्हटलं, येताना चिंचेच्या गोळ्या आण. रोपं भारतातल्याच एका लॅबकडून मागवायची ठरली.

पण आधी अर्ज. 8 जुलै 2024 ला रेक्टर मॅडमच्या नावे अर्ज घेऊन गेले. ऑफिसातल्या सरांनी विषय वाचला आणि नियमावलीचं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं : इस्त्री, हीटर, किटली, इंडक्शन व तत्सम उपकरणे यांस सक्त मनाई. “यात दिवा कुठेय?” मी विचारलं. “तत्सममध्ये,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “दिव्याखाली पिकवणार काय?” हे विचारताना ते ज्या नजरेने बघत होते, त्यावरून एक सल्ला देते : अर्जात काय, बोलण्यातही ‘ग्रो लाइट’ म्हणू नका. ‘शोभेच्या रोपांसाठी एलईडी दिवा’ म्हणा.

कागद असे लागले : दोन प्रतींत अर्ज, विभागप्रमुखांची शिफारस, खोलीतल्या दोघींचं ना-हरकत पत्र, पालकांचं संमतिपत्र आणि होस्टेलच्या वायरमनचा शेरा. पालकांची सही रावेरहून फोटो काढून मागवली, तर ‘मूळ प्रत पाहिजे’. ती पोस्टाने आली. ना-हरकत पत्र सगळ्यांत सोपं वाटलं होतं, पण एका रूममेटने अट घातली की दिवा रात्री अकराला बंद झालाच पाहिजे आणि दुसरीने अट घातली की झाडाच्या बुडाशी फुटणारं पहिलं पिल्लू तिला. दोन्ही अटी मी त्याच कागदावर लिहून दिल्या.

विभागप्रमुख सरांकडे मी घाबरतच गेले. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या मुलीला दिव्याची शिफारस कशाला, असं विचारतील म्हणून. त्यांनी विचारलंही. मग टिश्यू कल्चर म्हटल्यावर खुर्चीत मागे रेलून त्यांनीच मला सांगितलं, की 1990 साली इथल्याच, पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतल्या बांबूला फुलं आणली होती आणि ते काम ‘नेचर’मध्ये छापून आलं होतं. जो बांबू फुलायला कित्येक दशकं घेतो, तो काही महिन्यांत बाटलीत फुलला! सही आणि शिक्का झाला. वर म्हणाले, “किती जगली, किती मेली याची नोंद ठेव. नमुना लहान आहे, निष्कर्ष काढू नकोस.”

वायरमन काकांना फक्त वॉट हवे होते. 20 वॉटची साधी बॅटन (ट्यूबसारखा लांब एलईडी दिवा), रोज 12 तास, म्हणजे महिन्याला 7.2 युनिट. हा हिशेब अर्जातच मांडून ठेवा, फार उपयोग होतो. काकांनी ‘भार नगण्य’ असा शेरा मारला, तेव्हा मला त्यांना चहा पाजावासा वाटला आणि पाजलाही.

17 जुलैला आषाढीची सुट्टी. 25 जुलैला पुण्यात तो प्रचंड पाऊस झाला, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. त्या दिवशी ऑफिसात कुणीच नव्हतं. दरम्यान मॅडमनी एक रास्त शंका काढली होती : डास. डेंग्यूचे दिवस, पालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत फिरतात, पाणी सापडलं तर नोटीस. मी लिहून दिलं की रोपं झाकणाच्या डब्यात राहतील आणि ताटलीत पाणी साठू देणार नाही. 31 जुलैच्या तारखेचं पत्र हातात पडलं : 500 रुपये अनामत, दरमहा 100 रुपये जादा वीज आकार, ‘तक्रार आल्यास परवानगी रद्द’. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली होती, ती पुढे कामाला आली. कारण मधे एकदा अर्ज ‘वर गेला’ आणि खाली आलाच नाही. तेव्हा त्या क्रमांकावरूनच सापडला.

2 ऑगस्टला लॅबला पैसे पाठवले : अ‍ॅलोकेशियाच्या 10 रोपांचा कप 950, फिलोडेंड्रॉनच्या 5 रोपांचा 1,250, कुरिअर 180. त्यांना एवढंच बजावून सांगितलं की पार्सल सोमवारी निघू द्या. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुठल्या तरी गोदामात अंधारात पडून राहतं.

तोवर खरेदी. बोहरी आळीतून पारदर्शक झाकणाचा मोठा डबा 380 रुपयांना घेतला. बॅटन 260, टायमरचं सॉकेट 420, हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र 240. मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खडे) आणि मूठभर स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) मिळून 430. पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास 60 रुपयांचे. कुंड्यांऐवजी हेच घ्या, तळाला भोकं पाडा, मुळं बाहेरून दिसतात. जांभळ्या उजेडाच्या दिव्यांवर पैसे घालवू नका. पांढऱ्या साध्या बॅटनवर माझी सगळी रोपं वाढली आणि जांभळ्या उजेडात अभ्यास करायची वेळ रूममेट्सवर आली नाही.

बुरशीनाशकासाठी मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रात गेले. बाविस्टिनची लहान पुडी मागितली.

“पीक कोणतं?” दुकानदार काका.

अ‍ॅलोकेशिया म्हणून काय सांगणार! “अळू,” म्हटलं. खोटं नाहीच, अ‍ॅलोकेशिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, आपला अळू आणि सुरण, सगळे एकाच कुळातले.

“क्षेत्र किती?”

“एक डबा.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं, 110 रुपयांची पुडी दिली आणि बिलावर खरोखर ‘अळू’ लिहिलं. ते बिल मी जपून ठेवलंय.

12 ऑगस्टला निघालेलं पार्सल 14 ला गेटवर आलं. वॉचमन मामांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, ‘काचेचं सामान, उभंच ठेवा’. प्लास्टिकचे दोन बंद कप, आत दुधी रंगाची जेली आणि तिच्यात दाटीवाटीने उभी रोपं. ही जेली म्हणजे अगर, घरी फालुद्यात घालतो ते चायना ग्रास. त्यात साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरकं. रोप तिथे आयतं जेवतं, हवा शंभर टक्के दमट, पानाला स्वतःचं पाणी राखायची गरजच नाही. त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो आणि पानाची छिद्रं नीट मिटायला शिकलेली नसतात. बाहेर काढून टेबलावर ठेवलं तर बघता बघता मान टाकतं. या रोपाला पाणी कमी पडत नाही, हवा सोसत नाही. पुढचे दोन महिने मी जे काही केलं ते या एका गोष्टीभोवती.

दोन दिवस कप न उघडता दिव्याखाली ठेवले. 17 तारखेला, शनिवारी, मेसचं जेवण आटोपून बसले. कॉमन बेसिनवर हे करू नका, बुरशीनाशकाचं पाणी आहे. मी जुनी बादली आणि हातमोजे घेतले. कप उघडल्यावर किंचित गोडसर वास येतो. चमच्याच्या मागच्या टोकाने जेली कडेने सोडवली आणि गठ्ठाच कोमट पाण्यात सोडला. मुळं पांढरी, जाड, ओल्या शेवयांसारखी, आणि एकमेकांत अशी गुंतलेली की ओढलं की तुटणार. पाण्यातच हलवत राहायचं, ती आपोआप सुटतात. जेलीचा कणही मुळाशी ठेवायचा नाही, कारण साखर राहिली की तिसऱ्या दिवशी बुरशी. शेवटचे कण जुन्या मऊ टूथब्रशने काढले. एका अ‍ॅलोकेशियाचा देठ मोडला, रस मोजा फाटला होता तिथे लागला आणि अळू चिरताना सुटते तशीच खाज सुटली. मग लिटरला एक ग्रॅम बाविस्टिनच्या पाण्यात दहा मिनिटं, आणि आधीच धुऊन पिळून ठेवलेल्या कोकोपीट-परलाइटमध्ये एकेका ग्लासात एकेक. फिलोडेंड्रॉनना मॉस. डब्याचं झाकण लावलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजत होते आणि टायमरने दिवा बंद केला, अटीप्रमाणे.

फोनवर पप्पांना सांगितलं. म्हणाले, “बेटा, आता हात लावू नको. आपल्याकडे रोप येतं तवा ते शिकून आलेलं असतं. तुझं अजून अंगणवाडीत आहे.”

पहिला आठवडा डबा बंद. यंत्रावर 95 च्या पुढे. काम एकच : सकाळी कॉलेजला जाताना झाकण काढून आतली हवा बदलायची, कुठे पांढरा कापूस धरलाय का बघायचं आणि सडलेलं पान चिमट्याने काढायचं. दोन अ‍ॅलोकेशिया आणि एक फिलोडेंड्रॉन बुडाशी पाणचट होऊन गेले. आणखी एक फिलोडेंड्रॉन नुसता उभा होता, जगतही नव्हता आणि मरतही नव्हता. तो सप्टेंबरात गेला. बाटलीतली जुनी पानं पिवळी पडतात, त्याने धास्तावू नका. ती पानं बाहेरच्या हवेसाठी बनलेलीच नाहीत. बघायचं ते नवं पान, जे डब्यात उघडलं.

ते गणपतीत आलं. पुण्यात होस्टेलवर राहून ढोल ताशाच्या सरावाचे आवाज ऐकत सेमिनारचं प्रेझेंटेशन करत होते, तेव्हा एका ग्लासातलं गुंडाळलेलं पान सुटलेलं दिसलं. नखाएवढं, पण काळपट, मखमली, मधे चंदेरी शीर. बाटलीतल्या पानांवर ही मखमल नव्हती. ग्लासाच्या भिंतीला नवी मुळंही टेकली होती. तेव्हापासून झाकणाखाली पेन्सिल घालून फट ठेवायला सुरुवात केली, मग जाड मार्कर, मग डबीभर. पान सकाळी ताठ असेल तर फट वाढवायची, लोंबत असेल तर एक पायरी मागे. खतही तेव्हापासून, पप्पांच्याच ठिबकमधलं 19:19:19, पण लिटरला पाव ग्रॅम.

ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला आणि खोलीतली आर्द्रता झपाट्याने पन्नाशीला आली. त्याच सुमारास चिलटं झाली. कोकोपीट सतत ओलं राहिलं की होतातच. वरचा थर सुकू दिला आणि त्याच कृषी केंद्रातून पिवळे चिकट सापळे आणून लावले. रूममेटच्या भाषेत, “तुझ्या शेतातली जनावरं माझ्या वहीवर बसतात.” पंधरवड्यात आटोक्यात आली. तक्रार वर गेली नाही, त्याबद्दल तिला पहिलं पिल्लू ठरल्याप्रमाणे आणि दुसरं माझ्यातर्फे.

दिवाळीत होस्टेल रिकामं करावं लागतं आणि मेन स्विच बंद होतो, म्हणजे टायमरही बंद. डबा रिक्षात मांडीवर घेऊन कोथरूडच्या मैत्रिणीकडे पोचवला. झाकण पुन्हा पूर्ण लावलं की पाणी घालावं लागत नाही. तिला एवढंच सांगितलं की उन्हात ठेवू नकोस, बंद डबा उन्हात तापतो आणि रोपं शिजतात.

मी महाराष्ट्र एक्सप्रेसने भुसावळला आणि पुढे घरी. केळीच्या कांदेबाग हंगामाची लागवड चालू होती. पप्पांबरोबर नर्सरीत गेले तर शेडनेटखाली हजारो रोपं, आणि तिथला माणूस नेमकं तेच करत होता : आधी धुक्यासारखं पाणी, मग कमी, मग नेट बाजूला. त्यांचं रोप पंधरा-सोळा रुपयांना. मी त्यांना माझा हिशेब सांगितला नाही. मात्र फोनवर एका मैत्रिणीच्या मॉन्स्टेराचा फोटो दाखवला, पानावर पांढरे-पिवळे पट्टे, किंमत आठ हजार. पप्पांनी फोटो मोठा करून पाहिला. “हा हरण्या आहे. उपटून पुरून टाकायला सांग तिला.” हरण्या म्हणजे आमच्याकडे केळीवरचा सीएमव्ही विषाणू, पानावर असेच पिवळे पट्टे येतात. हे पट्टे विषाणूचे नाहीत, झाडाचेच आहेत, हे मी समजावलं. त्यांना पटलं, पैसे देऊन घेतात हे नाही पटलं.

डिसेंबरात पुण्याचा पारा दहा-बारावर उतरला. सेमिस्टरची परीक्षाही तेव्हाच. अ‍ॅलोकेशियांनी पानं टाकायला सुरुवात केली. एकाचं तर काहीच उरलं नाही. अ‍ॅलोकेशिया थंडीत असं करतं. जमिनीखाली गड्डा टणक असेल तर ग्लास फेकायचा नाही, पाणी जवळजवळ बंद करायचं आणि वाट बघायची. मी डबा थंडगार फरशीवरून उचलून कपाटावर ठेवला आणि रविवार सोडून त्याच्याकडे पाहिलं नाही. टाइम सिरीजचा पेपर होता. फेब्रुवारीत त्या रिकाम्या ग्लासातून कोंब आला.

मार्चपर्यंत झाकण कायमचं निघालं. फिलोडेंड्रॉन उभा न वाढता जमिनीवर सरपटत वाढतो, म्हणून त्याला खोल कुंडीऐवजी पसरट टब दिला. एप्रिलच्या दुपारी खोलीत आर्द्रता विशीत जायची. तरी शाबूत राहिली ती त्या खोलीत उघडलेली पानं. कडा थोड्या करपल्या, एवढंच. शेवटी आठ अ‍ॅलोकेशिया आणि तीन फिलोडेंड्रॉन. नोंद विभागप्रमुखांना दाखवली, त्यांनी निष्कर्ष काढला नाही. होस्टेलचे पैसे सोडून सगळा खर्च 4,280 रुपये.

मे 2025 मध्ये होस्टेल सोडलं. रावेरच्या मे महिन्यात ही झाडं नेणं म्हणजे त्यांना भाजणं, त्यामुळे दोन झाडं रूममेटकडे, एक वायरमन काकांकडे (त्यांच्या मुलीने मागितलं) आणि उरलेली तूर्त कोथरूडला. ना-देय दाखल्यावर ग्रंथालय, मेस, जिमखाना यांच्या सह्या झाल्यावर ऑफिसने विचारलं, “दिवा जमा केला का?” तो होस्टेलचा नसून माझाच आहे, हे सिद्ध करायला बॅटनचं बिल आणि परवानगीचं पत्र दोन्ही दाखवावं लागलं. अनामतीसाठी मूळ पावती आणि रद्द केलेला चेक लागतो, झेरॉक्स चालत नाही. माझी पावती अळूच्या बिलाबरोबर एकाच पाकिटात होती. 500 रुपये जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात आले.